लोवेलाच्या घराचं छप्पर

शनिवार, २ सप्टेंबर. सकाळी सहा
संकल्प : आजपासून रोज डायरी.
गावाच्या युवक समितीने नववीच्या पोरांना कन्सेंट आणि हेल्दी रिलेशनशिप शिकवायला मला निवडलं. तीन शनिवार, तीन सेशन. (निवडलं म्हणजे दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. मी दोन्ही केले.)
संकल्प दोन : २९ तारखेला सान मिगेलची जत्रा. तोवर लोवेलाचा होकार. लोवेला आमच्या आरोग्यकेंद्रात मिडवाइफ आहे. सेशनला तीही असणार. म्हणजे टीम झालीच.

दुपारी एक
सेशन सुपरहिट. फळ्यावर मोठ्ठं लिहिलं : नाही म्हणजे नाही. गप्प म्हणजे पण नाही. फक्त हो म्हणजे हो.
मागच्या बाकावरची चेरी-मे, लोवेलाची बहीण, वय चौदा, जीभ चाळीस. म्हणे, सर, आणि ‘बघू’ म्हणजे? मी ठणकावून सांगितलं, ‘बघू’ म्हणजे पण नाही. लोवेला खाली बघून हसली. माझ्याकडे बघून ती कधीच हसत नाही. लाजते.
सुटल्यावर तिला विचारलं, जत्रेच्या नाचाला माझ्यासोबत येशील का. नाही म्हणाली.
पण आपल्याकडे चांगल्या घरची मुलगी आधी नाहीच म्हणते. भाव खाते. हे कल्चर आहे. फळ्यावरचं टीनएजर्ससाठी होतं.

रविवार, ३ सप्टेंबर
माझ्या आजोबांनी आजीच्या घरी दोन वर्षं पाणी भरलं, लाकडं फोडली, तेव्हा कुठे आजी मिळाली. मीही राबणार. लोवेलाच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. तिचे बाबा, तातय इकोंग, यांनी न विचारताच हातात कोयता दिला. जुन्या झावळ्या उतरवायच्या, नव्या बांधायच्या. शिवाय डुकराला खाणं.
तिच्या आईने, नानाय सालिंगने, लसणाचा भात आणि तळलेलं सुकट वाढलं. घरचाच पोरगा म्हणाली.
आई : हो. बाबा : हो. डुक्कर : धावत आलं. तीन मतं.
लोवेला नव्हती. मी येणार कळल्यावर तिने ड्यूटी बदलून घेतली म्हणे. कामावर केवढी निष्ठा!

मंगळवार, ५ सप्टेंबर
लोवेलाचा मेसेज : जेथ्रो, आमच्या घरी येऊ नकोस. मला आवडत नाही.
किती ओपन कम्युनिकेशन! रिप्लाय केला : तुझ्या फीलिंग्जचा मला पूर्ण रिस्पेक्ट आहे.
संध्याकाळी गेलो. पण लोवेलाकडे नाही, डुकराकडे.

शनिवार, ९ सप्टेंबर
दुसरं सेशन : बाउंडरी. मी बोलतोय तोच मागून कोणीतरी ओरडलं, जेथ्रो सर आणि लोवेला मिस! मग अख्खा वर्ग, उऽऽऽ! बाकं वाजवली. लोवेला म्हणाली, बंद करा, मला हे आवडत नाही. मी पोरांना गप्प करायला हवं होतं. पण एनर्जी छान होती. कमरेत वाकून नमस्कार केला.
एकट्या चेरी-मेने बाक वाजवलं नाही. हिची लीडरशिप कमी पडते. लक्ष द्यायला हवं.
प्रश्नपेटी ठेवली. नाव न लिहिता काहीही विचारा.

बुधवार, १३ सप्टेंबर
पाठ गेली. छपराची अर्धी बाजू उघडी. समोरची बाई कुंपणावरून ओरडते, जावईबापू, आमचंही गळतंय हो! तातय म्हणाले, रांग लावा.
लोवेला आजही नाही. तिला एकदा विचारलं पाहिजे, जेवते कुठे.

शनिवार, १६ सप्टेंबर. दुपार
शेवटचं सेशन. प्रश्नपेटी उघडली. तीन चिठ्ठ्या चुंबनाच्या. चौथी : ‘एका ताईने एका माणसाला तीनदा नाही सांगितलं. तो तिच्या घरच्यांना पटवतो आणि रोज संध्याकाळी घरी येतो. म्हणून ती घरीच येत नाही, कामाच्या जागी नूडल्स खाते. काय करावं?’
मी पेटलो. आयुष्यातलं बेस्ट उत्तर दिलं. घरच्यांचा होकार हा तिचा होकार नाही! राबून होकार मिळायला तो काय पगार आहे? त्याला तोंडावर सांगा, बाबा रे, तू प्रेमी नाहीस, त्रास आहेस!
अडतीस पोरं. एक टाळी नाही. एक खोकला नाही. भारावली असणार. लोवेला खिडकीबाहेर बघत होती.
चेरी-मे वही घेऊन आली. म्हणे, सर, हे सगळं लिहून खाली सही कराल? केली. पहिला ऑटोग्राफ!

संध्याकाळी साडेपाच
छपराच्या कामाला गेलो. दारावर कागद चिकटवलेला. माझं अक्षर. माझी सही.
तीनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं. तिसऱ्यांदा उगाच.
लोवेला दारात आली. ओरडली नाही. म्हणाली, दोन आठवडे झाले मला घरचा गरम भात खाऊन. तू उत्तर चांगलं दिलंस, जेथ्रो. आता पाळ.
मी म्हटलं, बरं. कोयता पायरीवर ठेवला.

रविवार, १७ सप्टेंबर
संकल्प : तिकडे पाऊल नाही.
सकाळी सातला तातय इकोंग कोयता घेऊन दारात. म्हणे, चल, अर्धं छप्पर उघडं आहे. मी म्हटलं, तातय, मी येणार नाही. ते हसले. म्हणे, भाव खातोय! मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. त्यांच्यामागे नानायही आली होती. म्हणाली, अगोबाई, लाजतोय बघा कसा. माझ्या सख्ख्या आईने आतून माझे बूट आणून दिले.
मागच्या दाराने पळालो.

सोमवार, १८ सप्टेंबर
परत आले. यावेळी भात आणि सुकट घेऊन. परत पळालो.

बुधवार, २० सप्टेंबर
दोन दिवस घरी जेवलो नाही. युवक समितीच्या खोलीत नूडल्स खातोय. इथल्या खिडकीतून त्यांचं घर दिसतं. छपरावर लोवेला आणि चेरी-मे झावळ्या बांधतायत. माझ्यापेक्षा सरळ. खाली चुलीचा धूर.
लोवेलाला एकच मेसेज केला, शेवटचा : सॉरी. तुझ्या बाबांना सांगशील का, मी नाही म्हणतोय ते खरं आहे? ते ऐकतच नाहीत.
तिने छपरावरच फोन काढला. वाचला. चेरी-मेला दाखवला. दोघी इतक्या हसल्या की वाटलं पडतात.
रिप्लाय आला : प्रश्नपेटीत टाक. बघू.