दोनच काऊन?

गोंदिया, जि. भंडारा
रविवार, ता. १५ नोव्हेंबर १९५९

प्रिय शामकला,

अक्षर ओळखलंस तरी पत्र शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. तू इंटरच्या वर्गात होतीस तेव्हा तुला गणित शिकवणारा ईश्वरदास सर तो मीच. तुझा तिरोड्याचा पत्ता तुझ्या आत्याकडून, देवकाबाईंकडून घेतला. कायले पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं. एक जुनी वही परत करायची आहे, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, वही सोबत पाठवतो आहे. पण नुसती वही पाठवायची असती तर ती सात वर्षांपूर्वीच पोचायला हवी होती.

इकडे आमचे वर्ग अजून हायस्कूलच्याच इमारतीत सकाळी भरतात. तुझ्या वेळी सतरा मुलं आणि तू एकटी होतीस. आता साठाच्या वर मुलं आहेत आणि चार मुली. टिनाच्या छपराखाली मार्चनंतर बसवत नाही, ते तसंच आहे. तू तिकडे मुलींच्या शाळेत शिकवतेस असं कळलं. ऐकून इतकं बरं वाटलं की मला स्वतःचाच राग आला. बरं वाटून घेण्याचा मला काय अधिकार होता? पाढे म्हणताना एखादी मुलगी मध्येच थांबून 'असं का' म्हणून विचारत असेल, तर तू तिला खाली बसवत नसशील, एवढं मला नक्की वाटतं.

बावन्न सालच्या माघातला तो शुक्रवार तुला आठवत असेलच. मी फळ्यावर कॅल्क्युलस सुरू केलं होतं. एक्सचा वर्ग घेतला, वरचा दोन खाली पुढे आणला, घातातून एक कमी केला आणि लिहिलं, दोन एक्स. हा झाला डेरिव्हेटिव्ह, उतरवून घ्या. मुलांनी उतरवलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सर, दोनच काऊन?"

वर्ग हसला, तो 'का'ऐवजी आलेल्या तुझ्या 'काऊन'ला. मीही हसलो. आधी शुद्ध बोलायला शिक, मग कॅल्क्युलस शिक, असं म्हणालो. तू बसली नाहीस. पुस्तकातल्या सिद्धतेवर बोट ठेवून तू पुढचं विचारलंस, आणि तो प्रश्न मला आजही जसाच्या तसा पाठ आहे. एक्समध्ये थोडीशी वाढ धरायची, तिनं भागायचं, आणि भागून झालं की ती वाढ शून्य आहे म्हणायचं. शून्यच होती तर तिनं भागलं कसं? आणि शून्य नव्हती तर शेवटी पुसून कशी टाकली? या वेळी कोणी हसलं नाही. सतराही मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी खडू टेबलावर आपटला, फाजील प्रश्न विचारून वर्गाचा वेळ घालवू नकोस म्हणालो आणि तुला बाहेर काढलं. उरलेला तास तू व्हरांड्यात उभी होतीस. खिडकीतून तुझी वही दिसत होती. बाहेर उभं राहूनसुद्धा तू लिहून घेत होतीस.

आता खरं सांगतो. मला उत्तर माहीत नव्हतं. नागपूरला मी बी.एस्सी. झालो तो पाठांतरावर. ती सिद्धता मला तोंडपाठ होती, पण ती पुसून टाकलेली वाढ जाते कुठे हे मला कधी कळलं नव्हतं. कोणाला विचारण्याची हिंमतही झाली नव्हती. वर्गात कोणी विचारेल ही भीती रोज असायची. चार वर्षं कोणी विचारलं नाही. विचारलं ते सौंदडजवळच्या खेड्यातून आलेल्या, आत्याकडे राहून शिकणाऱ्या मुलीनं. उत्तर येत नाही, आपण दोघं मिळून शोधू, एवढंच म्हणायचं होतं. दहा शब्दही लागले नसते.

पुढच्या गुरुवारपासून तू वर्गात आली नाहीस. बाबांनी लग्न ठरवलं आणि शाळा बंद केली, असं देवकाबाईंनी येऊन कळवलं. मी मान हलवली. नाव पटावरून कमी केलं.

तुझी वही मी उघडली ती त्यानंतर. सोमवारी सगळ्यांनी गृहपाठाच्या वह्या दिल्या होत्या, त्या गठ्ठ्यात तीही होती. तू सोमवारी वर्गात आलीस, मुकाट्यानं वही ठेवून मागच्या बाकावर बसलीस, आणि मी तुझ्याकडे पाहिलंही नाही. वहीत गृहपाठाची उदाहरणं होती आणि त्यांच्यानंतर कोऱ्या पानावर एक चौकोन काढलेला होता. खाली लिहिलं होतं, 'आमची खालची बांधी, प्रत्येक बाजू दहा हात.' शनिवार-रविवारी तू गावी गेली होतीस. धान कापून बांधी कोरडी पडलेली होती. तू वडिलांना दोरीचं एक टोक धरायला लावलं होतंस आणि बांधीच्या कडेचे लगतचे दोन धुरे बाहेर सरकवले तर जमीन किती वाढेल, ते मोजलं होतंस.

एक हात सरकवले तर एकवीस चौरस हात वाढतात. दहादहाच्या दोन लांब पट्ट्या आणि कोपऱ्यात एक हाताचा लहानसा चौकोन. अर्धाच हात सरकवले तर सव्वादहा, म्हणजे हातामागे साडेवीस. हाताचा दहावा भाग सरकवले तर हातामागे वीस आणि एक दशांश. शंभरावा भाग सरकवले तर वीस आणि एक शतांश. खाली तू लिहिलं होतंस, 'दोन, कारण पट्ट्या दोन आहेत. एक्स, कारण प्रत्येक पट्टी बांधीच्या बाजूइतकी लांब आहे.'

त्याच्याही खाली एक ओळ होती. 'बाबा म्हणाले, कोपऱ्यात एक रोपबी मावत नाही, तो कायले मोजतेस? पण मला वाटते मोजून पाहिलेच पाहिजे. धुरा अर्धा सरकवला तर पट्ट्या अर्ध्या होतात, कोपरा मात्र चौथाईच उरतो. तो आपोआप मागे पडत जातो. म्हणून वाढ शून्य धरायची नाहीच. ती लहान लहान करत जायचे आणि हातामागचा आकडा कोणीकडे चालला आहे ते पाहायचे. तो विसाकडे चालला आहे. सर, हे बरोबर आहे काय?'

शामकला, मी ते पान चार वेळा वाचलं. मग पाटी घेतली आणि सात हातांची बांधी काढून स्वतः करून पाहिली. चौदा आलं. मग घनाचं करून पाहिलं, तीन बाजूंनी वाढणारी पेटी घेऊन, आणि तिथले तीन कुठून येतात तेही दिसलं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गणिताचा मास्तर असताना, मला डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते कळलं. किती आहे हे तर कोणीही सांगेल, पण याच घटकेला ते कोणत्या चालीनं वाढतं आहे, हा त्यातला प्रश्न असतो. मला आनंद झाला, हे लपवत नाही. तो क्षणभरच टिकला, कारण पानाच्या तळाशी तू विचारलेलं होतंस आणि 'बरोबर' असं लिहायला माझ्यासमोर तू नव्हतीस.

तुझं लग्न तेव्हा तीन आठवड्यांवर होतं. चांद्याकडे जाणारी गाडी रोज सौंदडला थांबते, दोन तासांत मी तुमच्या अंगणात पोचलो असतो. दोनदा स्टेशनपर्यंत गेलो. एकदा तिकीटही काढलं. गाडी आली, गेली आणि मी घरी परत आलो. तिथे जाऊन काय सांगायचं होतं, ते मला माहीत होतं आणि तेच माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

याहून वाईट पुढे केलं. पुढच्या वर्षी वर्गात मी फळ्यावर तुझी बांधी काढली. मुलांचे चेहरे उजळले. तिथून दर वर्षी काढत आलो. माझा निकाल सुधारला, बाहेरगावची मुलं माझं नाव ऐकून येऊ लागली. पंचावन्न साली एक तपासनीस आले, तास संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ही कल्पना कुठं सुचली म्हणून विचारलं. धानाच्या शेतांतून फिरताना सुचली, असं मी सांगितलं. फार सहज निघालं तोंडून. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र लिहून खरं सांगितलं असंही नाही.

या दिवाळीत देवकाबाई बाजारात भेटल्या. तुझे वडील, चैतरामजी, पोळ्याच्या सुमारास तलावाच्या पाळीवरून घसरून पडले आणि तेव्हापासून खाटेवर आहेत, हे त्यांनी सांगितलं. पुढे म्हणाल्या, पोरगी लग्नापासून एकदाही माहेरी आली नाही, या भाऊबीजेलाही नाही. आई तिरोड्याला जाऊन भेटून येते. बापाचं नाव काढलं की ही उठून आत जाते. बाबानं माझं पुस्तक बंद केलं, एवढंच म्हणते.

बाजारातून मी तसाच स्टेशनवर गेलो. या वेळी गाडीत बसलो.

चैतरामजींनी मला लगेच ओळखलं. उठता येत नव्हतं तरी उठू पाहत होते. तुझ्या आईनं, रुख्माबाईंनी पाट मांडला, पोहे केले. मास्तर आपल्या घरी आले म्हणून दोघांनाही धन्य वाटत होतं, आणि मी ते पोहे खात होतो. रुख्माबाई विहिरीवर गेल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही तिला अजून सांगितलं नाही? त्यांनी हातानं मला खाटेजवळ बोलावलं. मग म्हणाले, "पोरगी बापावर रुसली तं रुसली, सर. पन सरच मनतेत का तुज्यात अक्कल नाई, असं तिले समजलं असतं, तं तिनं पुन्हा पुस्तक हाती धरलं नसतं."

हे कशाबद्दल, ते तुला आता सांगतो. तुझी वही आली त्या सोमवारनंतरच्या बुधवारी चैतरामजी मला भेटायला गोंदियाला आले होते. तुला स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना परीक्षेपर्यंत थांबा म्हणावं की होकार द्यावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. रविवारी पोरीनं बांधीत दोरी धरायला लावली, मला काही समजलं नाही, पण तिला काहीतरी समजलं असं तिच्या तोंडावरून वाटलं, असं म्हणाले. तिच्यात शिकण्यासारखं काही असेल तर लग्न दोन वर्षं थांबवतो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, तुम्ही सांगाल तसं करतो. न वाचलेली तुझी वही तेव्हा माझ्या कोपरापाशी गठ्ठ्यात होती. शुक्रवारचा तो प्रश्न माझ्या डोक्यात सलत होता, आणि तू वर्गात राहिलीस तर पुन्हा विचारशील हे मला ठाऊक होतं. मी त्यांना म्हणालो, "गणित तिच्या डोक्यात शिरत नाही. उगाच पैसा आणि वेळ घालवू नका, लग्न करून टाका." त्यांनी मला हात जोडले. खरं सांगितल्याबद्दल आभार मानले आणि गेले.

तुझं पुस्तक बंद केलं ते मी. त्यांनी नाही. माझं नाव सांगून ते केव्हाच मोकळे होऊ शकले असते, पण तुझा शिकण्यावरचा विश्वास मोडू नये म्हणून त्यांनी तुझा राग इतकी वर्षं स्वतःवर घेतला, आणि तू शिक्षिका झालीस तेव्हा गावात पेढे वाटले. पेढ्यांचं मला रुख्माबाईंनी सांगितलं. गेल्या सोमवारी वर्ग उघडले तेव्हा फळ्यावर चौकोन काढून मी मुलांना म्हटलं की हे माझं नाही, हे शामकला चैतराम लंजे हिचं आहे आणि मी ते चोरलं. मला वाटलं होतं कुजबुज होईल. त्यांनी तुझं नाव वहीत लिहून घेतलं आणि पुढचं विचारू लागले. पण मुलांसमोर कबूल करणं सोपं होतं, तिथे तू नव्हतीस. हे पत्र लिहितो आहे हे चैतरामजींना ठाऊक नाही, ठाऊक असतं तर त्यांनी मला शपथ घातली असती. त्यांना आता बोलतानाही दम लागतो. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत, पण रुख्माबाई सगळ्यांना निरोप पाठवू लागल्या आहेत, यावरून काय ते समज. तुझा राग माझ्या नावावर कर आणि माहेरी जा. मला उत्तर लिहीत बसू नकोस, क्षमा तर मागतच नाही. हे पत्र मंगळवारी तुला मिळेल. बुधवारी सकाळी निघालीस तर दुपारपर्यंत त्यांच्याजवळ बसलेली असशील.

तुझाच,
(पुढे 'सर' लिहायची सवय आहे, आज लिहवत नाही)
ईश्वरदास