मोहरी संपली होती

बाबा, आज तुमच्या नातवाच्या पाठीवरचा शेवटचा फोड सुकला. कांजिण्याच त्या, पण लस घेतलेली होती म्हणून थोडक्यात निभावलं. त्याला कॅलामाइन लावताना मला सारखं आपलं गुडगावचं पहिलं घर आठवत होतं. तुम्ही मानेसरच्या कारखान्यात नुकते रुजू झाला होतात, नव्या इमारतीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि आई मावशीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली. नेमक्या तेव्हाच मला कांजिण्या आल्या. खालच्या मजल्यावरच्या आंटी कडुनिंबाची डहाळी घेऊन दारात उभ्या. "भाईसाब, माता आई है. घर में छौंक मत लगाना, बच्ची को तकलीफ़ होगी." तुम्ही "अच्छा जी, बिल्कुल" म्हणालात आणि दार लावून मला सांगितलंत, "माता-बिता काही नाही, व्हायरस आहे. त्याला फोडणीशी काय देणंघेणं?" तुम्ही तसेच होतात. नवी वस्तू घरात आणायची तर मुद्दाम अमावस्येला. कारखान्यातले पांढरे सुती हातमोजे आणून तुम्ही माझ्या मनगटांना नाडीनं बांधलेत. तरीही मी कपाळ खाजवलंच, तेव्हा असे ओरडलात की मी रडायला लागले. मग दहा मिनिटांनी स्वतःच येऊन वर्तमानपत्रानं वारा घालत बसलात.

आणि जेवायला रोज ते पांढरंफटक वरण! "बाबा, फोडणी?" "मोहरी संपली." बाल्कनीसमोर, रस्त्यापलीकडे, नजर पोचेल तिथवर मोहरीची शेतं पिवळीधमक फुललेली, आणि आपल्या घरातली मोहरी संपलेली. चौथ्या की पाचव्या दिवशी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मिसळणाचा डबा उघडा होता आणि मोहरीची वाटी काठोकाठ भरलेली होती. मी पाणी पिऊन परत अंथरुणावर जाऊन पडले.

त्याबद्दल बोलले ते कॉलेजात गेल्यावर, तुमचे ऑफिसातले मित्र जेवायला आले होते तेव्हा. "आमचे विज्ञाननिष्ठ बाबा मातेला घाबरले!" असा तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. तुम्ही ताटातल्या भाताकडे बघत एवढंच म्हणालात, "अगं, खरंच संपली होती." तुमचे कान लाल झाले होते. मला वाटलं, काय मस्त पकडलं! तुमची चारचौघांत फजिती केली याचं वाईट फार उशिरा वाटलं, आणि तोवर तुम्ही गेला होतात.

मीही यातलं काही मानत नाही, तुमचीच मुलगी. पण गेल्या आठवड्यात वरणासाठी तेल तापत ठेवलं आणि आतून पोरगं तापानं कण्हलं. हात मोहरीकडे गेलाच नाही. गॅस बंद करून तशीच उभी राहिले. त्या रिकाम्या इमारतीत तुम्ही एकटे किती घाबरला असाल, हे मला तेव्हा कळलं. माझं चुकलं, बाबा. तुम्ही मातेला घाबरला नव्हतात हो.

"आई, वरण असं का?" लेकानं विचारलं. माझ्या बाल्कनीसमोर शेत नाही, नुसते टॉवर आहेत. मोबाइलवरून दहा मिनिटांत मोहरी घरी येते, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी मी बेधडक सांगितलं, "मोहरी संपली."

हे पत्र कुठे पाठवणार? मोहरीच्या बरणीखाली ठेवते आहे. बरणी भरलेली आहे.