ओपन म्हंजी उघडं

मंगळवार, १२ ऑगस्ट

जळो त्या संतोषदादाचं तोंड. चुलतभाऊ म्हने! मेंढरांमागं फिरताना लिहिलेलं वेबसाईटवर टाकावं म्हनून वडीगोद्रीला त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्ते, तिथं तो वेबसाईटीबी बनवून विकतो. साधं, ओपन सोर्स पायजे, एवढंच म्हनले. चार गिऱ्हाईकांसमोर हसला.

"ओपन म्हंजी उघडं, गं बाई! आठवीत शाळा सोडली, आन आता उघड्यावर लिहिणार?"

सगळे हसले. का गप बसले मी? उघडं म्हने! तो विकतो ती वेबसाईट म्हंजी बंद पेटी, किल्ली त्याच्याकडंच. ओपनमधी आतलं सगळं बघता येतं, बदलता येतं. हे तिथंच सांगायला पायजे होतं.

घरी येऊन मोबाईलवर मीच बनवली. वर माझं पूर्ण नाव टाकलं. त्यालाच पाठवली. "कुनाकडून करून घेतली?" म्हनतो.

सांगणारच न्हाई. बसू दे शोधत.