सहा चौकटींचा उशीर

चिरंजीव,

समोर बोलले तर आवाज चढेल, म्हणून लिहून ठेवून फिरायला जाते आहे.

परवा पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "आईला टीव्हीचा आवाज मागाहून पोचतो, वय झालं तिचं." सगळे हसले. तेव्हापासून तू माझ्याशी ओरडून, शब्द तोडून तोडून बोलतोस. तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईने तेव्हाच मोजायला हवे होते.

आज मोजले. दोन चमचे आपटतानाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, तो पडदा आवाजासकट फोनवर टिपला आणि एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, सरकवत पाहिले. चमचे भिडल्यानंतर सहा चौकटींनी, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाने, आवाज येतो. फोनचे काही वय झालेले नाही.

जुन्या स्पीकरसाठी सेटिंगमध्ये दोनशे मिलिसेकंदांचा उशीर तूच घातला होतास. चार महिन्यांपूर्वी स्पीकर बदललास, आकडा तसाच राहिला. मी तो शून्यावर आणला आहे. हात लावू नकोस.

चार महिने त्याच टीव्हीसमोर बसून तुला काहीच जाणवले नाही. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे तू माझ्यासाठी घेतलेली उद्या अकराची वेळ मी रद्द केलेली नाही. फक्त पेशंट म्हणून तुझे नाव लावले आहे. सोबत मी येईन. डॉक्टर काय म्हणतात ते तुला तोडून तोडून सांगेन.

– आई