माझं घर नक्की कुठे, याचा सरकारी निकाल

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार (खोलीत आडवं पडायला जागा नाही, म्हणून खुर्चीतूनच वाकलो आहे, गोड मानून घे).

तुझा गुडघा काय म्हणतोय? आतोबा रेडिओ अजून स्वतःच उघडून बिघडवतात, की आता दुकानात नेऊन बिघडवतात? मी ठणठणीत आहे. इथल्या उंच उंच इमारतींच्या लिफ्ट अजून माझ्याच भरवशावर वर-खाली करतात, आणि बटण दहादा दाबलं की लिफ्ट लवकर येते असं चांगली शिकलेली माणसंही अजून समजतात.

आता मुद्द्यावर येतो. आत्या, तू मला फार महागात पडलीस. रागावू नकोस, आधी पुढचं वाच. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी घरी आलो होतो. ऑपरेशन झालं, तू चालायला लागलीस, माझी बॅग दारात आली, आणि तू म्हणालीस, "आलाच आहेस तर आजचा दिवस राहा." राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पालुपद. (त्या दिवशी माझा डावा बूट पाण्याच्या पिंपामागे सापडला. तो तिथे आपल्या पायानं गेला नव्हता, एवढंच म्हणतो.) आता आयकराचा नियम ऐक. परदेशात नोकरी करणाऱ्यानं तिथल्या पगारावर तिथे कर भरायचा. पण तो वर्षात ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त मायदेशी राहिला, तर मायदेशचं खातंही म्हणतं, हा तर आमचाच, आमचाही वाटा काढा. तुझ्या त्या शेवटच्या आग्रहानं मी ती मर्यादा ओलांडली. एका दिवसानं! दोन-दोन सरकारांना मी एकदम इतका हवासा झालो, जितका आजवर एकाही मुलीच्या वडिलांना झालो नव्हतो.

इथल्या कर-सल्लागार बाई (चष्मा कपाळावर, आणि शोधतात टेबलाखाली) म्हणाल्या, घाबरू नका, दोन्ही देशांत करार आहे. ज्याचं कायमचं घर जिथे, त्या देशाचा तो. तुमचं घर इथेच ना? मी छाती काढून म्हटलं, अर्थात! प्रत्यक्षात माझी खोली पाहिलीस तर तुझ्या डोळ्यांना पाणी येईल. सोबतीला एक वेल्डर आहे. तो घोरायला लागला की कपाटाचं दार आपोआप उघडतं. पलंग भिंतीत मिटवायचा असतो, तो एकदा माझ्यासकट मिटला. (खांदा आता बरा आहे.) पण भाड्याचा करार माझ्या नावावर आहे, म्हटलं एवढ्यावर भागेल.

आणि मग तिकडच्या आयकर खात्याचा माणूस आपल्या घरी आला. भाच्याची इथे राहायची सोय आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं. नाही म्हणाली असतीस की संपलं होतं. पण तू त्याला चहा दिलास. खोली उघडून दाखवलीस. धुतलेली चादर, दाढीचा ब्रश, खुंटीवर इस्त्रीचा शर्ट! वर त्यालाच झापलंस, की पोरगं कधीही दारात येऊन उभं राहील, तेव्हा काय ओसरीवर झोपवू? आतोबांनी तर गादी कशी आहे ते पाहा म्हणून त्याला आडवं व्हायला लावलं. त्याचा शेरा बाईंनी मला वाचून दाखवला: "कायमचं घर उपलब्ध. गादी उत्तम." बाई इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला आणि त्यांना सापडला.

दोन्हीकडे घर निघालं, तर ज्या देशात आपली माणसं त्या देशाचा, असं करारात आहे म्हणे. म्हणजे मी तिकडचा ठरलो. इथे स्वतंत्र खोली घ्यायची म्हणून पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं आता इथल्या नि तिकडच्या कराच्या फरकात जाणार. बाकी क्षेम आहे. आतोबांना नमस्कार सांग.

तुझं लाडकं संकट

ता. क. बाई म्हणतात, अजून एक वाट आहे. माझी खोली शेजारच्या शिवणक्लासवाल्या काकूंना भाड्यानं देऊन टाक, आणि सोबतच्या कागदावर लिहून दे, की या घरात भाच्यासाठी आता काही राखलेलं नाही. साक्षीला आतोबांची सही लागेल. म्हणजे पुढच्या वर्षी तरी ही भानगड उरणार नाही.

आणखी ता. क. सोबत कागद शोधू नकोस, नाही जोडला. मजकूर लिहायला बसलो, "काही राखलेलं नाही" इथवर आलो आणि हात पुढे सरकेना. वेल्डरनं विचारलं, काय झालं? सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "भर रे कर, वेड्या. माझ्यासाठी कुणी चादर धुऊन ठेवली असती, तर मी दोन्हीकडे भरला असता." आज सकाळी आपल्याकडच्या बँकेच्या इथल्या शाखेत जाऊन भरून टाकला. पावतीवर आपल्याच घराचा पत्ता छापून आला, आणि तुला खरं सांगू, मला इतका आनंद झाला की शिपायानं दोनदा वळून पाहिलं. कर भरून हसत बाहेर पडणारा माणूस त्यानं पाहिला नसावा. स्वतंत्र खोलीचं पुढच्या वर्षी बघू. शिवणक्लासवाल्या काकूंना नुसती खोली दाखवलीस तरी माझ्याशी गाठ आहे! आणि हो, या सुट्टीत वेल्डरलाही घेऊन येतोय. त्याला अजून विचारलं नाही, पण तिकीट काढलं आहे.