अंबाडी घातलेल्या शेवया

अकोला,
११ फेब्रुवारी १९६८

प्रिय दादा,

हे पत्र मोतीराम तुझ्या हातात देईल. ते टपालाने पाठवता आलं नसतं. तुझा पत्ता माझ्याकडे नाही आणि तू तिथे कोणतं नाव लावतोस तेही मला माहीत नाही. मोतीराम आमच्या तेलगिरणीचा मुकादम आहे. शेंगदाण्याच्या ढेपेची रेल्वेची वाघीण घेऊन तो मद्रासच्या बंदरावर जातो. मागच्या महिन्यात तू त्याला शेवया वाढल्या होत्यास, त्यामुळे माणूस तुला आठवेल.

आधी इथली हकीगत लिहिते. बाबा गेल्यावर आई आणि मी रंगूनहून बोटीने निघालो, त्याला आता दहा वर्षं होतील. तू दुकान सांभाळायला मागे राहिलास. मी अमरावतीला शेषरावकाकांकडे राहून शिकले, प्रयोगशाळेचं काम शिकले आणि आता या गिरणीत तेलाची आम्लता तपासते. काम मला जमतं. तेलाबद्दल कोणी काही सांगितलं तरी मी नमुना तपासल्याशिवाय मान्य करत नाही. तुझ्याबद्दलही मी तसंच केलं, पण ते पुढे लिहिते.

आईला सुरुवातीला फार कठीण गेलं. तिला मराठी धड येत नव्हती, इथला उन्हाळा सोसवत नव्हता, मासळी मिळत नव्हती. बाजारात पहिल्यांदा अंबाडीची जुडी दिसली तेव्हा ती तिथेच खाली बसली आणि पानं हुंगत राहिली. काका घाबरले. ‘वैनीले चक्कर आली का वं?’ असं मला विचारत होते. रंगूनमधली एवढी एकच वस्तू तिला इथे जशीच्या तशी भेटली होती.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला विहारात प्रत्येक घराने काहीतरी करून आणायचं ठरलं. आईने आपल्या नारळाच्या शेवया केल्या. ओला नारळ परवडणारा नव्हता, म्हणून सुकं खोबरं वाटून त्याचं दूध काढलं. डाळीचं पीठ भाजून लावलं. शेवया इथल्याच, गव्हाच्या, हाताने वळलेल्या. वरून तळलेला लसूण, तेलातली मिरची आणि वाळवलेल्या अंबाडीच्या बोंडांची पूड. चतुराबाई म्हणून वस्तीतल्या एक मोठ्या बाई आहेत. त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, ‘अवं, शेवयाची खीर खारट काहून केली हिनं?’ सगळ्या बाया हसल्या. मग त्याच चतुराबाई दुसऱ्यांदा वाटी घेऊन आल्या. जन्माची बौद्ध असलेली बाई म्हणून वस्तीत आईला मान होताच. त्या दिवसापासून तिच्या हाताला मान मिळाला.

मला अकोल्याला नोकरी लागली, तेव्हा आईने गिरणीच्या फाटकासमोर चूल मांडली. आधी हमाल खायचे, मग कारकून, मग कॉलेजची मुलं. आता लोक या पदार्थाला रंगुनी शेवया म्हणतात. मूर्तिजापूरहून, चांदूर बाजारहून माणसं येतात. लग्नाच्या पंगतीतही मागणी असते. दोन खानावळींनी नक्कल करून पाहिली. त्यांना अंबाडीचं प्रमाण जमलं नाही.

ही अंबाडी कुठून आली ते तुला सांगायला नको. रंगूनमध्ये या पदार्थावर कोणीही अंबाडी घालत नसे. बाबांना लिंबू चालेना, म्हणून त्यांनी एकदा ताटातली अंबाडीची भाजी सरळ शेवयांत कालवली. तू त्यांच्या मांडीवर होतास. शेजारणींनी नाकं मुरडली, पण आई हटून तसंच करू लागली. अख्ख्या रंगूनमध्ये ते एका आपल्याच घरात होत असे. म्हणूनच ती अंबाडी मी तुझा पुरावा म्हणून धरते.

आता एक गोष्ट, जी आईला माहीत नाही. आमच्या मॅनेजरांच्या घरून लीलाबाई म्हणून एक बाई मैत्रिणींना घेऊन यायच्या. आमच्या चतुराबाईंच्या हातचं पाणी ज्यांनी घेतलं नसतं, त्या रंगूनवालीच्या हातच्या शेवया चवीने खात होत्या. बर्मी बाईला जात विचारायची असते हे कोणाला सुचत नाही. एके दिवशी त्यांनी सहज विचारलं, मावशी, इकडे कुठे हो घर तुमचं? आई अभिमानाने म्हणाली, ‘भातकुली. विहाराले लागूनच हाय आमचं घर. देवमनची बायको मी.’ लीलाबाईंनी अर्धी वाटी तशीच खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. आईला वाटलं, तिखट जास्त झालं. तेव्हापासून ती मिरची कमी घालते. मी तिला खरं कारण सांगितलं नाही.

म्हणून तू का आला नाहीस, हे मला विचारायची गरज नाही. तू बारा वर्षांचा असताना बाबा तुला भातकुली दाखवायला घेऊन गेले होते. तिथे तू तहानेने विहिरीवर गेलास, आणि एका म्हातारीने लांब उभी राहून वरून तुझ्या ओंजळीत पाणी ओतलं. रंगूनला परतल्यावर तू महिनाभर भांडं तोंडाला लावून पाणी प्यायचास, सांडलं तरी. तू म्हणाला होतास, त्या देशात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. पाय ठेवावा लागला. मद्रासला तुला बर्मी नाव असेल, बर्मी पदार्थ आहे, आणि देवमनचा मुलगा कोणाला माहीत नाही. तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, म्हणून मी तुला दोष देत नाही.

पण इथे काय झालं तेही तुला कळायला हवं. तिकडे रंगूनला दुकानं सरकारने ताब्यात घेतली आणि तुझी पत्रं थांबली. आई प्रत्येक बोटीची बातमी काढायची. तिने फाटकासमोर चूल मांडली तीही मुख्यतः यासाठी, की रंगूनवाली कुठे राहते असं तू विचारलंस, तर कोणीही बोट दाखवावं. दोन वर्षं तिने वाट पाहिली. मग एक दिवस म्हणाली, आता पुरे. अमरावतीच्या विहारात भंतेंना जेवण दिलं आणि तुझ्या नावाने पाणी सोडलं, थेंब थेंब, रंगूनला मेलेल्या माणसासाठी सोडतात तसं. त्या रात्री ती झोपली. तुझ्याशिवाय जगायला ती शिकली आहे. फार काही सुखात नाही, पण जगते.

आणि आता मोतीराम. परत आला तो फाटकातच ओरडला, ‘बाई, तुमच्या शेवया मद्रासले पोचल्या ना! बंदराजोळ एक बर्मी बुवा इकून राहिला, अंबाडीसकट! दुसऱ्या गाड्यावर एक माणूस नाई अन् त्याच्याजोळ ही गर्दी.’ मी त्याला आत प्रयोगशाळेत नेलं आणि सगळं नीट विचारलं. तो म्हणाला, अकोल्याला रंगूनवाली बाई अशाच करते असं सांगितल्यावर तुझ्या हातातली पळी थांबली. मग तू खाली मान घालून विचारलंस, ‘बुढी बरी हाय का?’ मोतीरामला नवल वाटलं ते बर्मी माणसाला वऱ्हाडी येते याचं. मला आणखी तपासायचं काही उरलं नाही. आई तेव्हा मागे शेवया वळत होती. तिने ऐकलं नाही. मोतीरामला मी गप्प राहायला सांगितलं आहे आणि तो राहील.

पण सगळे मोतीराम नसतात. चैत्रात गिरणीतली वीसेक माणसं रामेश्वरला निघाली आहेत, मद्रासवरून. सगळी आईच्या हातचं खाणारी. तुझ्या गाड्याचं नाव झालं आहे. ती तिथे येतील, पहिल्या घासाला ओळखतील आणि परत येऊन कौतुकाने आईलाच सांगतील. ती एक दिवस आनंदाने वेडी होईल. दुसऱ्या दिवशी विचारेल, मग तो आला का नाही? आणि उत्तर शोधताना ती भातकुलीपर्यंत, बाबांपर्यंत पोचेल. लीलाबाईंच्या अर्ध्या वाटीपर्यंतही पोचेल. मुलाला ती एकदा पोचवून आली आहे. नवऱ्याचं नाव तिने आजवर अभिमानाने सांगितलं आहे. तेवढं तिच्याकडे राहू दे. तू ये असं मी लिहीत नाही, तू येणार नाहीस. पत्राचं उत्तरही नको. माझं मागणं एकच आहे. चैत्राच्या आत तुझ्या शेवयांतून अंबाडी काढून टाक. लिंबू पिळत जा. बाबांशी लग्न होण्याआधी आईही लिंबूच पिळायची.

तुझीच,
मनकर्णा