बाथरूमच्या काचेवरचे क्षार

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

विमला काल संध्याकाळी मलकापूरला गेली. भावाबरोबर. कारण: बाथरूमची काच.

काल भाऊबीज. ओवाळणं झालं, जेवणं झाली. गणपतराव म्हणाले, दाजी, फ्लॅट लई झ्याक झालाय की. म्हटलं, या, तुमच्या बहिणीचं काम दाखवतो. बाथरूममध्ये नेलं. बोअरच्या पाण्याने शॉवरची काच इतकी पांढरी पडली आहे की पलीकडचा माणूस दिसू नये. त्यावर नखाने ‘आळस’ लिहायला गेलो. ‘आ’ झाल्यावर नख मोडलं. इतका कडक थर.

गणपतराव हसले नाहीत. विनोद कळायला थोडं शिक्षण लागतं. विमला दारातच उभी होती. थोड्या वेळाने बॅग घेऊन बाहेर आली. गणपतराव म्हणाले, येतो दाजी. बास.

दोन दिवसांत परत येईल. तोवर काच मी स्वतः चकचकीत करणार. ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो मी. हे डाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड लावा, विषय संपला. फोटो पाठवीन. तिची तिलाच लाज वाटेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

व्हिनेगर मारलं. जोर यावा म्हणून वरून खायचा सोडा. काय फेस! फेसाचा फोटो काढला. फेस बसला, काच होती तशीच.

दुपारी चहा घेताना आठवलं की ॲसिड आणि सोडा एकमेकांना मारतात. याच चुकीला मी अकरावीच्या पोरांना वर्गाबाहेर काढतो. पण मी केली ती टेस्ट होती.

विमलाचा फोन नाही. माहेरचे लोक करू देत नसावेत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अदितीला पुण्याला फोन केला. म्हणाली, आई बरी आहे, झोपते भरपूर. मी म्हटलं, झोपणारच, आळस अंगात आहे. मग काचेची प्रोग्रेस सांगायला लागलो. ती म्हणाली, बाबा, काचेचं सोडा हो, तुम्ही जेवता का नीट? म्हटलं, काच कशी सोडू, सगळं मूळ तिथंच आहे. फोन कट झाला. पुण्यात रेंजचा प्रॉब्लेम फार.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

लिंबू लावलं. चिंच लावली. बाथरूमला रस्सा-भाताचा वास.

वरच्या मजल्यावरच्या संयोगिता वहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. काचेकडे बघून म्हणाल्या, सर, तुमची आंघोळ झाली की विमलाताई रोज कोरडं फडकं घेऊन ही पुसायच्या. गुडघा धरून, पण पुसायच्या. श्रावणात पडल्या त्या इथंच पुसताना न्हवं का?

हो, पडली होती. धडाम आवाज आला तेव्हा मी बाहेरून विचारलं, काच फुटली का. प्रश्न योग्यच होता. काच महाग आहे. माणूस पडला तर ओरडतोच, त्याला काय विचारायचं?

वहिनींना म्हटलं, रोज पुसायची, तर मग डाग कसे? वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. पॉइंट पटला असावा.

३ नोव्हेंबर, सोमवार

आता गंमत नाही. शिवाजी पेठेतल्या दुकानातून कडक ॲसिड आणलं. दुकानदार म्हणाला, सर, ह्ये जपून, फरशी खातंय. मी म्हटलं, पावणं, ॲसिड काय खातं ते मी शिकवतो.

संध्याकाळ: यश! तारेच्या घासणीने घासलं. थर निघाला. निदान हातभर तरी निघाला. किरकोळ नुकसान: नळ काळा पडला. संगमरवरी फरशी फसफसली. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट, हे त्या क्षणी ध्यानात नव्हतं. काचेवर घासणीचे ओरखडे, पण बाजूने फोटो काढला तर दिसत नाहीत.

फोटो विमलाला पाठवला. खाली लिहिलं, ‘बघ, करायचं म्हटलं की होतं.’ निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. वरमली.

५ नोव्हेंबर, बुधवार

उरलेला थर आज संपवणार. सगळं ॲसिड ओतलं आहे. उग्र वास सुटलाय. बिल्डिंगमध्ये बोभाटा नको म्हणून खिडकी लावून घेतली. वास मारायला ब्लीचची बाटली आणली आहे. दहा मिनिटांत काम फत्ते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. हॉस्पिटल

ॲसिडमध्ये ब्लीच. क्लोरीन. बारावीचा धडा. बोर्डाला हमखास येतो.

संयोगिता वहिनींनी खोकला ऐकला, त्यांच्या मालकांनी मला ओढून बाहेर काढलं म्हणे. घसा पार भाजलाय. डॉक्टर म्हणाले, बोलायचं नाही, एक शब्दही नाही. प्रिन्सिपॉल येऊन गेले. म्हणाले, सर, तुम्ही? कॉलेजभर झालंच असणार. अदिती रात्रभर प्रवास करून आली. रडून तिचे डोळे सुजलेत.

विमला उद्या येणार. शेवटी आलीच ना!

८ नोव्हेंबर, शनिवार

आली. मऊ भात आणला, स्वतः भरवला. तोंड पुसलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग खुर्ची ओढून बोलायला लागली. एवढं सलग बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, मलकापूरला सकाळी जाग आली की आधी भीती वाटायची, आज काय चुकलं म्हणून. आता वाटत नाही. म्हणाली, दादानं मागची खोली दिलीय, तिथं शिकवणी सुरू करणार आहे, चार पोरं आलीसुद्धा. म्हणाली, तुम्ही बरे व्हा, पण मी आता परत येणार नाही. रागानं नव्हे, अगदी शांत. भाजीवाल्याला आज काही नको म्हणावं तशी.

माझ्याकडे तिच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर होतं. तोंड उघडलं तर नुसती हवा. नर्स ओरडली, आजोबा, गप पडा. आजोबा!

विमलाने माझं पांघरूण नीट केलं आणि गेली. भावनेच्या भरात बोलली असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरी. अदितीने दार उघडलं. विमला काल येऊन घर झाडून गेली, डबे भरून गेली, आणि तिचं कपाट रिकामं करून गेली. हिवाळ्याचे कपडे लागतात, मलकापूरला थंडी जास्त. उन्हाळ्याचेही नेलेत.

बाथरूममधली काच नाही. अदितीने माणूस बोलावून काढवून घेतली. मला विचारलं नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही एकटे असणार, घसरलात तर लागेल. मग तिची पुण्याची गाडी होती.

आंघोळ केली. गरम पाणी छान वाटलं. मग टॉवेल म्हणून हाक मारली. आवाज बऱ्यापैकी निघाला. पुन्हा मारली. थोडा वेळ थांबलो. मग तसाच ओला बाहेर आलो.